दाजींची चाहूल

आमचे दाजी लिफ्ट बसवतात, दुरुस्त करतात, आणि राहतात मात्र लिफ्ट नसलेल्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. येणारा प्रत्येक पाहुणा धापा टाकत आत येतो, पाणी पितो आणि श्वास जागेवर आला की यावरच विनोद करतो. दाजी दर वेळी तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसतात. माणूस कसा आहे ते एवढ्यावरून कळावं.

मी ताईचा धाकटा भाऊ. डिप्लोमा संपवून याच शहरात नोकरीला लागलो तेव्हापासून त्यांच्या बाहेरच्या खोलीत एक गादी माझी आहे. घरात दाजी, ताई, मी आणि त्यांची नुकतीच एक वर्षाची झालेली मुलगी. तिचं खरं नाव चांगलं भारदस्त आहे. पण ती जन्मली तेव्हा तिचं नाक बघून दाजी म्हणाले होते, "हे तर बटण आहे," आणि ती बटणच झाली. मदतीला म्हणून आमची आई गेले काही महिने येऊन राहिली होती. ती मला धडपड्या म्हणते, कारण बाहेरून आलो की मी आधी उंबऱ्याला ठेचकाळतो, मग चपलांच्या मांडणीवर आदळतो आणि मग घरात येतो.

दाजींचं याच्या अगदी उलट. त्यांच्याइतका बिनआवाजाचा माणूस मी पाहिलेला नाही. एकदा मी त्यांच्याबरोबर कामावर गेलो होतो. नव्या लिफ्टच्या जमिनीवर त्यांनी एक नाणं कडेवर उभं केलं आणि आम्ही तळापासून गच्चीपर्यंत गेलो. नाणं पडलं नाही. पण त्यांचं लक्ष नाण्याकडे नव्हतंच. ते भिंतीला तळहात लावून, डोळे मिटून उभे होते. "आतल्या माणसाला लिफ्ट निघाली कधी आणि थांबली कधी, हे कळता कामा नये," ते म्हणाले. "कळलं तर आपलं काम कच्चं."

ही आवड त्यांना कामातून लागली असं मला वाटायचं. ताईने खरं कारण सांगितलं. दाजींचे वडील, म्हणजे अप्पा, बेकरीत भट्टीवर होते. रात्रभर पाव भाजायचे आणि दिवसा झोपायचे. घर एका खोलीचं, मध्ये पडदा. पडद्यापलीकडे अप्पा आणि अलीकडे चार भावंडं. चवड्यांवर चालायचं, भांडण झालं तर ते खुणांनी करायचं, आणि पेला खाली ठेवताना आधी करंगळी टेकवायची आणि तिच्यावरून पेला अलगद उतरवायचा, म्हणजे आवाज होत नाही. त्या घरात आवाज न करणं हीच माया होती. दाजी अजूनही करंगळी टेकवूनच कप ठेवतात. "पहिल्यांदा भेटले तेव्हा मी तेच बघत बसले होते," ताई सांगते. "म्हटलं, कपाला इतकं जपतोय, तर मला जपेलच."

बटण जन्मली आणि तिची झोप निघाली कागदासारखी. जरा कुठे खुट्ट झालं की फाटली. दाजींना जणू आयुष्यभर ज्या कामाची वाट पाहिली तेच मिळालं. त्यांनी घरातली एकूण एक बिजागरी खोलून, घासून, तेल देऊन परत बसवली. दाराची कडी पडताना खट् व्हायचं, तिथे चामड्याचा तुकडा बसवला. कुलपात कसलीशी काळी पूड फुंकली, आणि किल्ली लोण्यात फिरावी तशी फिरू लागली. खुर्च्यांच्या पायांना सायकलच्या ट्यूबचे मोजे घातले. खणांना मेणबत्ती चोळली. दारावरची घंटा काढून टाकली आणि तिच्या जागी स्वयंपाकघरात एक छोटा दिवा लावला. बाहेरून कळ दाबली की तो लुकलुकायचा. मिक्सरपुढे मात्र त्यांनी हात टेकले. त्याच्याखाली उशी घालून बघितली, तर तो उशीसकट चालत ओट्याच्या कडेपर्यंत आला.

"जावईबापू, आता माझ्या गुडघ्यांनाही तेल घाला. उठताना वाजतात," आई म्हणायची.

दाजी लाजून हसायचे. पण घर खरंच असं शांत झालं की येणारे-जाणारे आपोआप हळू बोलायला लागले. बटण तासन् तास झोपू लागली. दाजींना इतकं समाधान मी कुठलीही लिफ्ट चालू झाल्यावर पाहिलेलं नाही.

ती बसू लागली, रांगू लागली, माणसं ओळखू लागली. आणि दाजींना बघून रडू लागली.

सुरुवातीला आम्ही हसण्यावारी नेलं. सगळीच मुलं काही दिवस कुणा ना कुणाला बघून रडतात. पण हे रडणं काही दिवसांचं नव्हतं, आणि ते रुसव्याचं किंवा हट्टाचंही नव्हतं. संध्याकाळी दाजी कामावरून यायचे, आणि ती डब्यांची झाकणं घेऊन खेळत असली की मान वर करताक्षणी तिचा चेहरा पांढरा पडायचा. मग ओठ बाहेर, आणि मग किंकाळी. माझ्याकडे ती झेपावत यायची. शेजारच्या काठी टेकत येणाऱ्या आजोबांची काठी ओढायची. दूधवाल्याला टाटा करायची. रडायची ती फक्त स्वतःच्या बापाला बघून.

दाजी उंबऱ्याशीच थांबायचे आणि ताई तिला उचलून आत घेऊन गेली की मग हातपाय धुवायला जायचे. स्वतःच्या घरात शिरायला त्यांना वाट मोकळी व्हावी लागायची.

कारणं शोधायला घरात तज्ज्ञांची कमतरता नव्हती. आईचं मत पडलं मिशीवर. दाजींची मिशी कॉलेजपासूनची, झुबकेदार. एका सुट्टीच्या सकाळी ती गेली. दाजी मोरीतून बाहेर आले, तर बटण दुप्पट रडली.

"आता तर मीच ओळखलं नाही, ती बिचारी काय ओळखणार!" आई म्हणाली.

"अहो आई, तुम्हीच सांगितलंत ना काढायला?"

"सांगितलं. पण मिशीखाली इतका लहान चेहरा निघेल असं कुणाला वाटलं होतं?"

माझं शिक्षण इथे कामी येईल असं मला वाटलं. मी म्हटलं, सगळं एकदम बदलायचं नाही, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि निरीक्षण करायचं. आधी ग्रीसचा वास. दाजी कामावरच अंघोळ करून येऊ लागले. रडणं तेवढंच. मग गणवेशाचा निळा रंग. दाजी तिसऱ्या मजल्याच्या वळणावर शर्ट बदलू लागले, तर खालच्या काकूंनी ताईला विचारलं, "सगळं बरंय ना गं घरात?" मग चष्मा, मग टोपी. दाजी प्रत्येक गोष्ट मुकाट्याने करायचे. घरी येताना ते आता आणखीच जपून येत. मुलगी घाबरते आहे, तर आपण आणखी हळू, आणखी अलगद गेलं पाहिजे, हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं.

हे सगळं असंच रेंगाळलं असतं, पण ताईच्या नोकरीचा प्रश्न आला.

ताई चष्म्यांच्या भिंगांच्या कारखान्यात भिंगं घासायच्या मशीनवर होती. काम तिच्या जिवाचं. घरी असतानाही पाहुण्यांच्या नाकावरचा चष्मा तिला सुखाने बसू देत नाही. "द्या इकडे, उजवी काडी सैल झालीय," म्हणत ती तो काढूनच घेते. रजा संपत आली होती. कारखान्याच्या बाईंनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, की एक तारखेला ये, नाहीतर मी दुसरी बघते, माझाही इलाज नाही. जवळचं पाळणाघर फक्त चालणारी मुलं घ्यायचं, आणि बटण सोफ्याला धरून उभी राहायची, पण हात सोडायला तयार नव्हती. आईला तिच्या घरी परतायचं होतं, कारण तिकडे वडील रोज फोन करून मीठ कुठल्या डब्यात आहे ते विचारत होते.

म्हणून दाजींनी मुकादमाच्या मागे लागून दुपारनंतरची पाळी मागून घेतली. सकाळी ते बटणला सांभाळणार, दुपारी ताई आली की ते निघणार. कागदावर आखणी झकास होती. प्रश्न फक्त बटणचा होता.

रंगीत तालीम म्हणून ताई एका सकाळी भाजी आणायला खाली उतरली. आई आणि मी मुद्दाम बाहेर थांबलो. दुसऱ्या मजल्यापर्यंत आवाज आला. रडता रडता मुलाचा श्वास अडकतो आणि मध्येच एक भयंकर पोकळी पडते, तसा. ताई पिशवी तिथेच टाकून वर पळाली. दाजी खोलीच्या एका टोकाला भिंतीला चिकटून उभे होते, तिला दिसू नये म्हणून जवळजवळ पडद्यामागे, आणि बटण दुसऱ्या टोकाला लाल झाली होती.

ताईने तिला छातीशी धरलं, थोपटलं. मग शांतपणे म्हणाली, "मी बाईंना नाही म्हणून कळवते."

"थांब जरा."

"किती थांबू? तिचे हाल बघवतात का तुम्हाला?"

"नाही बघवत," दाजी म्हणाले. "पण तू घरी राहिलीस, तर ती हेच शिकेल ना, की बाबांजवळ राहता येत नाही. आणि मीही तेच शिकेन." एवढं लांब वाक्य ते माझ्यासमोर क्वचितच बोलले होते. "या रविवारपर्यंत थांब. मग कळव."

ताईने मान हलवली, पण बाईंचा नंबर असलेला फोन ओट्यावर नजरेसमोरच ठेवला.

त्याच आठवड्यात दाजींना एक तक्रार आली. शहराच्या दुसऱ्या टोकाला म्हाताऱ्या माणसांची एक वसाहत आहे. तिथली लिफ्ट दाजींनीच बदलली होती, जुनी काढून नवी, आणि ती त्यांच्या हातची सर्वांत शांत लिफ्ट होती. तिथल्या एका आजींनी थेट कचेरीत फोन करून लिफ्ट सदोष असल्याचं सांगितलं. दाजी गेले, सगळं तपासलं, दोष सापडेना. जेवताना ते आम्हाला सांगत होते.

"मी त्यांना म्हटलं, आजी, लिफ्ट तर उत्तम चाललीय. तर म्हणतात, तेच तर! मांजरासारखी येते मेली. मी आपली दाराशी उभी राहून पिशवीत किल्ली शोधत असते, आणि अचानक समोरची भिंत उघडते आणि आत माणूस! काल हातातली अंडी गेली, उद्या मी जाईन."

आई खो खो हसली. "मग?"

"मग म्हणतात, तुमची जुनी बरी होती. कण्हत कण्हत यायची, पण दोन मजले खाली असतानाच कळायचं की येतेय. तोवर मी पिशवी उचलून, पदर सावरून तयार." दाजी ताटाकडे बघत होते. "इतकी वर्षं आवाज बंद करण्यात घालवली, आणि लोकांना कण्हणारी लिफ्ट हवीय."

"बरोबर बोलल्या त्या," आई म्हणाली. "चाहूल नको का लागायला?"

आम्ही सगळे हसलो, दाजीही हसले, आणि जेवण संपलं. त्या वाक्यात काय दडलेलं होतं ते एकालाही दिसलं नाही. मी तर एका वेळी एकच गोष्ट बदलणारा; माझ्या यादीत टोपीनंतर आता कंगव्याची पाळी होती.

मुकादमाने तोडगा काढला, की लिफ्ट येण्याआधी वाजेल अशी घंटा बसवून टाका. कामाच्या गोदामात एका पाडलेल्या इमारतीतली जुनी पितळी घंटा होती, वाटीएवढी, आतला लोलक अजून शाबूत. दाजींनी ती घासून लख्ख केली. दुसऱ्या दिवशी सकाळी परस्पर वसाहतीत जायचं म्हणून ती पिशवीत घालून घरी घेऊन निघाले.

तो शनिवार होता. मी जमिनीवर बटणसमोर बसलो होतो. ती एक झाकण मला द्यायची, मी "धन्यवाद" म्हणायचो, ती ते परत घ्यायची. ताई स्वयंपाकघरात आणि आई खिडकीशी वाटाणे सोलत. संध्याकाळचं ऊन जमिनीवर आलेलं.

खालून कुठून तरी आवाज आला. टण्.

बटणचा हात हवेत थांबला.

पुन्हा टण्. जरा जवळून. कुणीतरी पिशवी सांभाळत, घंटा वाजू नये म्हणून तिला हाताने धरत जिना चढत होतं, आणि प्रत्येक वळणावर ती हातातून निसटून एकदा वाजत होती. बटणने झाकण टाकलं. ती दाराकडे वळली. टण्. ती रांगत निघाली, दारापासून हातभर अंतरावर बसली, आणि मान वर करून वाट बघू लागली. लिफ्टची वाट बघणारी माणसं बघतात ना, अगदी तशी.

कुलपाचा आवाज आला नाही, कारण तो येतच नसे. दार उघडलं. दाजी उंबऱ्यात उभे होते, एक हात पिशवीत, नेहमीसारखे थबकलेले, किंकाळीची वाट बघत.

बटण त्यांच्याकडे बघत राहिली. रडली नाही. मग तिने पिशवीकडे बोट केलं आणि म्हणाली, "टॅ."

दाजींनी पिशवी खाली ठेवली. करंगळी टेकवायला विसरले. टण् झालं आणि बटण हसली, चारही दात दाखवून.

ताई ओल्या हाताने बाहेर आली होती. आईच्या मांडीवरून वाटाणे घरंगळत होते. दाजी उंबऱ्यावरच बसले, दार उघडं टाकून, आणि बटण त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहून पिशवीत डोकावू लागली. मग ते म्हणाले, "मांजरासारखी येते मेली."

"काय?" ताई म्हणाली.

"मी. मी मांजरासारखा येतो." त्यांनी दाराकडे बघितलं, कडीवरच्या चामड्याकडे, खुर्च्यांच्या मोज्यांकडे. "तू चपला फटफटवत येतेस. आईंचे गुडघे वाजतात. हा धडपडतो. दूधवाला दार ठोठावतो. तिला आधी कळतं, की कुणीतरी येतंय. किल्ली फक्त माझ्याकडे, आणि माझी किल्ली वाजत नाही. तिच्या दृष्टीने मी येतच नाही गं. मी एकदम असतो."

मी उत्साहाने उठलो. "दाजी, परत एकदा बाहेर जा. आता घंटेशिवाय या. म्हणजे खात्री होईल."

"बस खाली!" आई ओरडली. "पोर आहे का उंदीर? प्रयोग पुरे झाले तुझे."

खात्री करायची गरज नव्हती. पण घंटा आजींच्या लिफ्टची होती, ती सकाळी जाणार होती. दाजींना स्वतःचा आवाज हवा होता, आणि तो त्यांच्याकडे नव्हता.

त्यांनी टाचा आपटून चालून बघितलं. ताई म्हणाली, "कुणावर चिडलात का?" शीळ घालून बघितली, तर नुसती हवा आली. गुणगुणून बघितलं. ते ऐकून आई म्हणाली, "जावईबापू, राग मानू नका, पण त्यापेक्षा तिचं रडणं सुरात असतं." मग ते पेचकस घेऊन दारापाशी बसले. चामडं निघालं, खुर्च्यांचे मोजे निघाले. बिजागऱ्यांतलं तेल साबणाच्या पाण्याने धुऊन काढलं, पण त्या काही केल्या कुरकुरेनात. "वाजणारी बिजागरी गप्प कशी करायची ते येतं मला," दाजी हताश होऊन म्हणाले. "गप्प असलेली बोलती कशी करायची, हे कधी कुणी शिकवलंच नाही."

रविवारी सकाळी ते वसाहतीतून घंटा बसवून परत आले, आणि चहा पिताना त्यांनी अप्पांना फोन लावला. अप्पा आता थकले आहेत, थोरल्या मुलाकडे असतात, आणि ऐकू कमी येतं म्हणून त्यांच्याशी फोन स्पीकरवर टाकून मोठ्याने बोलावं लागतं. त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं.

"अप्पा, एक विचारू? तुम्ही दिवसा झोपायचात, तेव्हा आम्ही आवाज करायचो नाही ना?"

"अजिबात नाही! शहाणी पोरं होतात तुम्ही."

"मग झोप छान लागायची ना तुम्हाला?"

"झोप कुठली रे," ते म्हणाले. "इतकं शांत असायचं, की वाटायचं घरात कुणीच नाही. गेली कुठे सगळी? मग हळूच पडदा बाजूला करून बघायचो. चारही डोकी दिसली, की पुन्हा आडवा व्हायचो. परत तेच."

"मग सांगितलं का नाही कधी?"

"कसं सांगणार? तुम्ही माझ्यासाठी एवढं जपत होता."

दाजींनी फोन ठेवला. कप उचलला, उरलेला चहा प्यायले, आणि तो खाली ठेवताना त्यांची करंगळी सवयीने पुढे आली. त्यांनी ती मागे घेतली. कप बशीत ठक्कन बसला. ताईने चमकून बघितलं. बटणनेही बघितलं, आणि पुन्हा आपल्या झाकणांकडे वळली.

त्याच दुपारी दाजी कचरा टाकायला खाली गेले. परत येताना जिन्यातून एक आवाज ऐकू आला. लिफ्टमध्ये एक बाई बोलत असते ना, सपाट, सभ्य आवाजात, तसाच, फक्त पुरुषी आणि लाजलेला.

"पहिला मजला."

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"दुसरा मजला." मध्येच खालच्या काकूंचा आवाज, "अहो, हे काय?" आणि दाजींचा, "काही नाही काकू, सराव. तिसरा मजला."

बटण दाराकडे निघाली होती.

"चौथा मजला. बाबा आले आहेत. दार उघडत आहे."

दार उघडलं. बटणने दोन्ही हात वर केले.

आई हसता हसता डोळे पुसत होती. मी मात्र दाजींकडे बघत होतो. हा माणूस कामावर दिवसभरात मोजकं बोलतो, पाहुण्यांत बोलत नाही, भांडणात तर नाहीच. आता तो घरभर बोलत हिंडू लागला. "बाबा स्वयंपाकघरातून निघाले आहेत. डावीकडे वळत आहेत. कृपया पायांपासून झाकणं दूर ठेवा." बोलताना त्यांचे कान लाल व्हायचे. पण थांबले नाहीत. एक-दोनदा घोषणा करायची विसरून ते मागून आले आणि ती दचकली, तोंड वाकडं झालं. दाजी लगेच चार पावलं मागे जाऊन पुन्हा बोलत बोलत आले. तिला ते चाललं.

संध्याकाळी ताईने ओट्यावरचा फोन उचलला आणि बाईंना सांगितलं, "उद्या एक तारीख ना, येते."

सोमवारी सकाळी आईला गाडीत बसवून द्यायचं काम माझ्याकडे होतं, पण तिची गाडी उशिराची होती, म्हणून ती आधी खालच्या काकूंकडे निरोप घ्यायला जाऊन बसली. ताई आणि मी बरोबरच निघालो. ताईने बटणचा पापा घेतला, "येते हं" म्हणाली, आणि दार ओढून घेतलं. ते बंद होताना खट् वाजलं.

तिसऱ्या मजल्यावर येईपर्यंत रडणं सुरू झालं. ताईचा हात कठड्यावर घट्ट झाला. आम्ही उतरत राहिलो. दुसऱ्या मजल्यावर ती थांबलीच.

"तो श्वास अडकायचा आवाज येतोय का रे?" तिने विचारलं.

"नाही. हे साधं रडणं आहे. तू गेलीस म्हणून आहे हे."

वर रडणं चढलं, उतरलं, पुन्हा चढलं. त्याच्या खालून दाजींचा सपाट आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग एकदम काहीच येईना. रडणंही नाही, बोलणंही नाही. ताईचा चेहरा उतरला.

"आता आवाज का येत नाहीये?"

ती वर जायला वळली. एक पायरी चढलीसुद्धा. तेवढ्यात वरून मोठा खडखडाट झाला. झाकणांचा अख्खा ढीग कुणीतरी जमिनीवर ओतला होता. आणि त्यावर दाजी, चांगले मोठ्याने, अजिबात न लाजता म्हणाले, "बाबा जमिनीवर बसले आहेत!" मग एक हुंदका, आणि एक झाकण आपटल्याचा आवाज. मग आणखी एक.

ताई तशीच उभी राहून ऐकत राहिली. नंतर तिने पर्स खांद्यावर नीट केली आणि जिना उतरू लागली. चपला तिने नेहमीपेक्षा जरा जोरातच फटफटवल्या, वर ऐकू जावं म्हणून, अगदी शेवटच्या पायरीपर्यंत.